स्कॅनर घ्यायचा, पण कुणी आणि कितीला?

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

आज मी गाडीच्या स्कॅनरबद्दल बोलणार आहे. बायकांच्या कार्यक्रमात हा कसला विषय, असं कुणाला वाटेल. पण आपल्या भागात जी छोटी छोटी गॅरेजं आहेत ना, तिथं बहुतेक ठिकाणी पाना नवऱ्याच्या हातात असतो आणि वही बायकोच्या हातात. उधारी कुणाकडं किती राहिली, पार्टवाल्याचं बिल कधी द्यायचं, हप्ता कोणत्या तारखेला, हे तिला विचारा, ती न बघता सांगेल. मीही त्यातलीच. माण तालुक्यातल्या एका गॅरेजची वही मी सांभाळते. आमचे हे बावीस वर्षं मिस्त्रीकाम करतात. वडापच्या जीप, दुधाचे पिकअप, कांद्याचे टेम्पो, शाळेच्या व्हॅन, आणि अलीकडं तुमच्या-माझ्या स्कूट्या, हे आमचं गिऱ्हाईक.

आणि ज्यांच्या घरी गॅरेज नाही, त्यांनीही रेडिओ बंद करू नका. तुमच्या दारात स्कूटी असेल, मुलगा पिकअप चालवत असेल, तर या यंत्राचे पैसे शेवटी तुमच्याच बिलात येणार आहेत. म्हणून ते काय आहे, कशाला लागतं आणि इतकं महाग का, हे आपल्याला माहीत पाहिजे.

आधी ते काय असतं ते सांगते. पूर्वी गाडी मिसिंग मारायला लागली की मिस्त्री कान देऊन ऐकायचा, प्लग काढून बघायचा, कार्बोरेटर उघडून साफ करायचा. बिघाड डोळ्याला दिसायचा किंवा हाताला लागायचा. आता इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं, कधी द्यायचं, हे एक छोटा संगणक ठरवतो. गाडीत जागोजागी सेन्सर असतात. इंजिन किती तापलंय, हवा किती आत येतेय, धुरात काय आहे, हे सगळं ते त्या संगणकाला कळवतात. कुठं काही बिनसलं की संगणक मीटरवर पिवळा दिवा लावतो आणि बिघाडाचा एक नंबर स्वतःपाशी लिहून ठेवतो. त्या नंबराला कोड म्हणतात. तो कोड नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. मोटारीत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्याला यंत्र जोडलं की कोड वाचता येतो. ते यंत्र म्हणजे स्कॅनर.

या पद्धतीला ओबीडी म्हणतात. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती एकसारखी ठेवणं सक्तीचं झालं. आपल्याकडं बीएस-४ च्या काळात, २०१० पासून, मोटारींमध्ये ती टप्प्याटप्प्यानं आली. मग १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि दुचाकींचंही रूप बदललं. नव्या स्कूटीतून, मोटारसायकलीतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच, फ्युएल इंजेक्शन आलं. २०२३ च्या जानेवारीपासून पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक नियम लागले. म्हणजे दारातली स्कूटी, रस्त्यावरचा पिकअप आणि शेतातला मोठा ट्रॅक्टर, सगळ्यांच्या पोटात संगणक आला. धूर कमी व्हावा म्हणून हे झालं आणि ते चांगलंच झालं. पण गाड्या बदलल्या, तशी गॅरेजच्या फळीवरची अवजारं मात्र आपोआप बदलली नाहीत. ती ज्याची त्यानं विकत घ्यायची.

आता त्याच्या किमती ऐका. स्कॅनर म्हणजे एकच वस्तू नाही, त्याच्या पायऱ्या आहेत.

पहिली पायरी म्हणजे मोबाईलला जोडायचा छोटा डोंगल. काडेपेटीहून थोडा मोठा. पाचशेपासून दीड-दोन हजारांपर्यंत मिळतो. तो इंजिनाचे साधे कोड वाचतो आणि पुसतो. हातात धरायचा साधा कोड रीडर तीन-चार हजारांपासून मिळतो. त्याचंही काम साधारण तेवढंच.

दुसरी पायरी म्हणजे मल्टिब्रँड स्कॅनर. टॅबसारखा असतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना चालतो. इंजिनाबरोबर ब्रेकचं एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग यांचेही कोड वाचतो. नुसतं वाचत नाही, तर एखादा पंखा किंवा पंप यंत्रावरून चालू करून तपासता येतो, नवा इंजेक्टर बसवला की त्याचा नंबर गाडीच्या संगणकात भरता येतो. हा पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखांपर्यंत जातो, आणि त्याच्यावरही.

तिसरी पायरी म्हणजे गाडीच्या कंपनीचं स्वतःचं यंत्र. ते त्यांच्या सर्व्हिस सेंटरात असतं. नव्या चावीची नोंद करणं, संगणकच बदलला तर त्यात माहिती भरणं, अशी कामं बऱ्याचदा त्याच्याशिवाय होत नाहीत. आपल्यासारख्या बाहेरच्या गॅरेजला ते सहसा दुकानात जाऊन विकत घेता येत नाही.

आणि एक खर्च दुकानदार सगळ्यात शेवटी सांगतो. दरवर्षी नवी मॉडेलं येतात, म्हणून स्कॅनर अपडेट करावा लागतो. पहिलं वर्ष बहुधा फुकट, पुढं दरवर्षी पैसे. काही यंत्रं पैसे न भरल्यास जुन्या गाड्यांपुरती चालत राहतात, काही यंत्रांच्या बऱ्याच सोयी बंद पडतात. पाना एकदा घेतला की वीस वर्षं चालतो. स्कॅनरचं तसं नाही. तो गाय पाळल्यासारखा आहे. विकत घेतल्यावरही रोज चारा घालावाच लागतो.

आता म्हणाल, नाही घेतला तर काय बिघडलं? एक उदाहरण सांगते. आमच्याकडं दुधाचा एक पिकअप नेहमी येतो. एका पहाटे त्याचा पिवळा दिवा लागला आणि गाडी पिकअपच घेईना. घाटात तर चढेचना. आमच्या ह्यांनी फिल्टर बघितला, पाइप बघितले, सगळं ठीक. कोड वाचायला आमच्याकडं यंत्र नव्हतं. शेवटी गाडी साताऱ्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली. जाऊन येऊन दिवस गेला. त्या दिवशीचं दूध दुसऱ्याची गाडी भाड्यानं करून पाठवावं लागलं. आणि बिघाड काय निघाला? एका सेन्सरची वायर घासून उघडी पडली होती. वायर जोडून टेप मारायचं काम दहा मिनिटांचं. ते आमचे हे डोळे मिटून करतील. अडलं होतं ते फक्त कोणती वायर, एवढ्यावर.

यात कुणाचं किती गेलं ते बघा. गाडीवाल्याचा दिवस गेला, भाडं गेलं. आमचं काम गेलं. आणि त्याहून मोठं म्हणजे विश्वास गेला. एकदा गिऱ्हाईक म्हणालं, की यांना नव्या गाडीचं कळत नाही, की ते जुनी गाडीसुद्धा दुसरीकडं नेतं. आमच्याच रस्त्यावरच्या दोन गॅरेजांनी इंजिनकाम सोडलं. एक जण आता गाड्या धुतो, दुसरा पंक्चर काढतो. दोघांचा हात चांगला होता. हाताला काही झालं नाही, फक्त हाताला कळेल असा बिघाड गाडीत राहिला नाही.

तर मग हे यंत्र इतकं महाग का? थोडं कारण रास्त आहे, थोडं नाही. दोन्ही सांगते.

रास्त कारण हे, की प्रत्येक कंपनीच्या गाडीची आतली भाषा वेगळी असते. धुराशी संबंधित कोड सगळ्यांना एकसारखे ठेवावे लागतात, तो नियमच आहे. म्हणून पाचशेचा डोंगलही ते वाचतो. पण ब्रेक, एअरबॅग, चावी, दरवाजे यांचे कोड प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं ठेवते. मल्टिब्रँड स्कॅनर बनवणाऱ्याला ती एकेक भाषा शिकून यंत्रात भरावी लागते. हजारो मॉडेलं, दरवर्षी नवी भर. त्याला माणसं लागतात, पैसा लागतो.

रास्त नसलेलं कारण हे, की ही माहिती कंपन्या आपल्यापाशीच धरून ठेवतात. माहिती बाहेर गेली नाही की दुरुस्ती त्यांच्याच सेंटरला येते आणि पार्टही तिथलाच बसतो. विहीर खणायला खर्च आला म्हणून पाण्याचे पैसे मागितले तर समजू शकतो. पण विहिरीला कुलूप घालून टँकर विकायचा, हे आपल्या दुष्काळी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

हे मी एकटी म्हणत नाही. आपल्या देशात याचा निकाल झालेला आहे. २०११ मध्ये एका ग्राहकानं भारतीय स्पर्धा आयोगाकडं तक्रार केली, की मोटार कंपन्यांचे अस्सल पार्ट आणि तपासणीची यंत्रं खुल्या बाजारात मिळत नाहीत, त्यामुळं बाहेरच्या गॅरेजांना कामच करता येत नाही. चौकशी झाली. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सांगितला. त्याबरोबर आदेश दिले, की पार्ट आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजेत, आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालता येणार नाही. कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणानं काही कंपन्यांचा दंड मोजायची रीत बदलून तो कमी केला. कोर्टकचेरी लांबत गेली. पण बाहेरच्या गॅरेजवाल्याची अडवणूक होते, ही आमची नुसती कुरकुर नाही. एका सरकारी आयोगानं कागदपत्रं तपासून काढलेला तो निष्कर्ष आहे.

दुसऱ्या देशांतही हीच झुंज झाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाचं राज्य आहे. तिथं २०१२ मध्ये लोकांनी थेट मतदान करून ठरवलं, की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जी माहिती मिळते, ती रास्त दरात बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजे. शंभरात पंच्याऐंशीहून जास्त मतं त्या बाजूनं पडली. त्यानंतर २०१४ मध्ये मोटार कंपन्यांनी तशीच सोय देशभर द्यायचा करार केला. मग गाड्या बिनतारी माहिती थेट कंपनीकडं पाठवायला लागल्या, तेव्हा २०२० मध्ये तिथल्या लोकांनी पुन्हा मतदान करून त्याही माहितीवर हक्क सांगितला. आपल्याकडं २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल, घरातली उपकरणं आणि वाहनं, असे त्यात चार भाग आहेत. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथं द्यावी, असा हेतू आहे. पण पोर्टलवर माहितीपुस्तिका मिळाली म्हणून हातात स्कॅनर येत नाही. तो अजून आपल्यालाच घ्यावा लागतो.

म्हणून आता घरच्या हिशेबाकडं येते.

दुधाच्या पिकअपचं ते झाल्यावर आमच्याकडं एक विक्रेता यंत्र दाखवायला आला. दाखवलं छान. स्क्रीनवर रंगीत आकडे नाचत होते. आमच्या ह्यांचे डोळे चमकले, मला दिसलं ते. किंमत सत्तर हजार, दुसऱ्या वर्षापासून अपडेटचे वर्षाला पंधरा हजार. विक्रेता जाता जाता मला म्हणाला, “वहिनी, घरात सोनं पडून असतंच की, गोल्ड लोन एका तासात होतं.” माझ्या पाटल्या त्यानं बघितल्या असणार. त्या पाटल्या म्हणजे मुलीचं पुढचं शिक्षण आणि दुष्काळाचं वर्ष, दोन्हीची सोय. मी म्हटलं, कोटेशन लिहून द्या आणि जा, आम्ही आठ दिवसांनी सांगतो.

त्या आठ दिवसांत मी काय केलं ते सांगते, कारण हे तुम्हाला कुठल्याही यंत्राला उपयोगी पडेल. शिलाईयंत्र असो, पिठाची गिरणी असो.

यंत्र चार वर्षं चालेल असं धरलं. सत्तर हजार किंमत. तीन वर्षांचं अपडेट, पंचेचाळीस हजार. झाले एक लाख पंधरा हजार. कर्ज काढलं, बारा टक्क्यांनी तीन वर्षांचं, तर व्याजाचे आणखी साधारण पावणेचौदा हजार. सगळे मिळून जवळजवळ एक लाख एकोणतीस हजार. चार वर्षांचे महिने अठ्ठेचाळीस. म्हणजे महिन्याला सुमारे सत्तावीसशे रुपये. एका गाडीला स्कॅन करायचे तीनशे घेतले, तर महिन्याला नऊ गाड्या आल्या तर यंत्र फुकटात पडतं. दहाव्या गाडीपासून मिळकत.

मग मी वही उघडली आणि मागच्या तीन महिन्यांत अशा किती गाड्या आल्या त्या मोजल्या. चौदा. म्हणजे महिन्याला पाचसुद्धा नाहीत. आमच्या एकट्याच्या गॅरेजला ते यंत्र झेपत नव्हतं. विक्रेता खोटं बोलत नव्हता, यंत्रही चांगलं होतं. पण महिन्याला पाच गाड्यांवर सत्तावीसशेचं ओझं घालून पाटल्या बँकेत ठेवणं मला पटलं नाही.

ह्यांना वाईट वाटलं. दोन दिवस घरात बोलणं कमीच होतं. त्यांना भीती होती, की धुलाई-पंक्चरवाल्यांच्या रांगेत आता आपला नंबर. ती भीती खोटी नव्हती. म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला, की बाकीच्या गॅरेजांत महिन्याला अशा किती गाड्या येतात? मी ओळखीच्या तीन गॅरेजांच्या घरी गेले. गॅरेजात गेले नाही, घरी गेले, कारण वही घरी असते. तिन्ही ठिकाणी बायकांबरोबर बसून गाड्या मोजल्या. चौघांच्या मिळून तीन महिन्यांत एक्केचाळीस निघाल्या. महिन्याला तेरा-चौदा. आणि यंत्राला लागत होत्या नऊ.

चार गॅरेजांनी मिळून स्कॅनर घेतला. प्रत्येकाच्या वाट्याला साडेसतरा हजार आले. मी दहा हजार बचत गटातून उचलले, बाकीचे गल्ल्यातून भरले. कुणालाच बँकेत जावं लागलं नाही.

पण मैत्रिणींनो, भागीदारीत वस्तू घेणं सोपं, वापरणं अवघड. म्हणून आम्ही आधी नियम लिहून काढले. यंत्र मधल्या गॅरेजात राहील. कोण कधी घेऊन गेलं, कुठल्या गाडीला लावलं, ते वहीत लिहायचं. ज्याच्या दारात गाडी बंद पडून उभी आहे, त्याचा नंबर आधी. दर महिन्याला प्रत्येकानं साडेतीनशे रुपये डब्यात टाकायचे, त्यातून अपडेट आणि केबल. कुणाच्या हातून यंत्र पडलं तर दुरुस्ती त्याची. आणि कुणाला बाहेर पडायचं असेल तर घसारा धरून पैसे परत. हा शेवटचा नियम लिहिताना सगळे हसले, पण वर्षाच्या आत एक जण खरोखरच बाहेर पडला. नियम लिहिलेला होता म्हणून भांडण झालं नाही, त्याचे पैसे दिले, चहा झाला. आता तिघांवर बोजा थोडा वाढला आहे, पण गाड्याही वाढल्या आहेत. बाहेरच्या मिस्त्रींना आम्ही भाड्यानंही लावून देतो.

यंत्र घेण्याआधी विक्रेत्याला काय विचारायचं, तेही लिहून घ्या. एक, आमच्याकडं ज्या गाड्या येतात त्यांची यादी देतो, त्यातल्या दोन गाड्यांना आमच्या दारात लावून दाखवा. दोन, अपडेट नाही भरलं तर काय काय बंद होतं, ते लेखी द्या. तीन, यंत्र बिघडलं तर दुरुस्ती कुठं होते आणि किती दिवस लागतात. चार, पक्कं जीएसटी बिल द्या. आणि चोरीचं सॉफ्टवेअर भरलेलं स्वस्त यंत्र घेऊ नका. नुसता कोड वाचताना ते कदाचित चालेल, पण गाडीच्या संगणकात माहिती भरताना मध्येच अडकलं, तर संगणक कायमचा बंद पडू शकतो. तो खर्च स्कॅनरच्या किमतीहून मोठा. माहिती भरताना गाडीची बॅटरीही पूर्ण चार्ज हवी, नाहीतर चांगल्या यंत्रानंही तीच गत होते.

ज्यांना कर्ज घ्यायचंच आहे, त्यांनी बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करावी. २०१५ पासून ती चालू आहे. पन्नास हजारांपर्यंत शिशु, त्याच्यावर पाच लाखांपर्यंत किशोर. त्याला तारण लागत नाही. सोनं मोडायच्या किंवा गहाण टाकायच्या आधी तो दरवाजा वाजवून बघा.

आता एक नाजूक गोष्ट. स्कॅनचे तीनशे रुपये मागितले की गिऱ्हाईक म्हणतं, नुसतं मशीन तर लावलं, त्याचे कसले पैसे? यावर आमच्याकडं सुरुवातीला फार वाद झाले. आपल्या लोकांना पार्टचे पैसे द्यायला काही वाटत नाही, कारण पार्ट हातात दिसतो. शोधण्याचे पैसे द्यायला जड जातं. पण डॉक्टरकडं आपण तपासणीचे देतोच ना? मी भिंतीवर पाटी लावली, ‘स्कॅनिंग ३०० रुपये, कोड लिहून मिळेल.’ गाडीवाल्याला चिठ्ठीवर कोड आणि त्याचा अर्थ मराठीत लिहून देते. चिठ्ठी हातात पडल्यापासून वाद जवळजवळ थांबले.

होय, चिठ्ठी मी लिहिते. यंत्राची स्क्रीन इंग्रजीत असते, आणि आमच्या ह्यांचं इंग्रजीशी जमत नाही. मी बारावी झालेली. सुरुवातीला एकेक शब्द मोबाईलवर शोधून वहीत लिहिला. आता शंभरेक कोड तोंडपाठ आहेत. मी कोड वाचते, हे हात घालतात. ज्यांच्या घरी शिकलेली सून, मुलगी आहे त्यांना माझं सांगणं आहे, या कामाला ताकद लागत नाही, चिकाटी लागते. तिला बसवा यंत्रापाशी.

पण कोड वाचता आला म्हणजे बिघाड सापडला, असं नाही. एक कोड आहे, पी ०४२०. सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा एक भाग असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो नीट काम करत नाही, असा त्या कोडाचा अर्थ. भाग महाग. अडाणी मिस्त्री कोड बघून लगेच तो बदलायला सांगेल. पण कधी कधी तो भाग चांगला असतो, आणि दोष ऑक्सिजन सेन्सरचा किंवा फुटलेल्या नळीचा निघतो. कोड म्हणजे ताप आहे, इतकंच सांगणं. ताप कशामुळं, ते बघायला अनुभवी हातच लागतो. म्हणून बावीस वर्षांचा कान आणि सत्तर हजारांचं यंत्र, दोन्ही लागतात.

आता गाडीवाल्या मैत्रिणींसाठी चार गोष्टी. पिवळा दिवा सतत लागलेला असेल तर घाबरू नका, गाडी बेताबेतानं चालवत दाखवायला न्या. तोच दिवा उघडझाप करत असेल आणि इंजिन धक्के देत असेल, तर वेग कमी करा, ओझं उतरवा आणि लवकर दाखवा, नाहीतर धूर साफ करणारा तो महाग भाग जळतो. लाल दिवा, ऑइलचा किंवा तापमानाचा, लागला तर मात्र बाजूला घेऊन इंजिन बंदच करा. आणि मिस्त्रीनं पार्ट बदलायला सांगितला, तर विचारा, कोड काय आला? लिहून द्या. नुसता कोड पुसून दिवा घालवून दिला तर ती दुरुस्ती नव्हे. बिघाड राहिला तर दिवा पुन्हा लागणार.

आमच्या यंत्रानं सगळं होतं, असं मी म्हणणार नाही. नव्या चाव्या, काही एअरबॅग अजून साताऱ्यालाच जातात. तिथं आमची चार गॅरेजंही पुरी पडत नाहीत, तिथं कायदाच लागेल. तोवर एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये एक चांगला स्कॅनर असावा, आणि ठरलेल्या दरात आजूबाजूच्या गॅरेजांना तो वापरता यावा. मुलंही शिकतील आणि गॅरेजंही टिकतील. ग्रामसभेत, आमदारांच्या भेटीत, ग्राहक पंचायतीच्या बैठकीत हे मागा. आम्ही मागतोय. तुमच्या गावातूनही मागणी गेली तर ती एका गॅरेजवाल्याची तक्रार राहणार नाही.

आणि आज रात्री, ज्यांच्या घरी गॅरेज आहे त्यांनी वही काढून मागच्या तीन महिन्यांत दिवा लागलेल्या किती गाड्या आल्या त्या मोजा. यंत्र घ्यायचं की नाही, एकट्यानं की मिळून, ते तो आकडाच सांगेल. विक्रेत्याला विचारू नका.